सरदार उडत का नाहीत

रात्री साडेआठला, रविवार पेठेतलं दुकान,
शटर अर्धं ओढून मी ‘दौलतीची दिवेलागण’ लावतो.
कामाचाच भाग. त्यातल्या झाडून सगळ्या अंगरख्यांची
काजं माझ्या हातची.
शेजारी अस्तराच्या गठ्ठ्यावर शार्दूल, बहिणीचा,
इयत्ता चौथी, मांडीवर वही,
वहीत रकाने: उडणं. ताकद. पोशाख. गुप्त ओळख.
मार्क दहापैकी.

सरदार हैबतराव आले.
“मामा, हे उडतात?”
नाही रे, घोडा आहे.
“घोडा उडतो?”
घोडा हडपसरचा. वरातींतून सवड काढून येतो,
ताशा वाजला की जागच्या जागी नाचतो,
म्हणून त्याला मोहिमेवर नेत नाहीत.
उडणं: शून्य.
मग त्यानं अर्धा मार्क दिला,
कारण सरदारांनी नुसती मान वळवली
आणि कॅमेरा तीनदा अंगावर धावून आला, वीज कडाडली,
चारी खिडक्या बंद असलेल्या दिवाणखान्यात
वारा सुटला.
“वारा त्यांचा आहे?”
पंखा आहे, म्हणालो. वाघोलीच्या गोदामातला.
अर्धा खोडला.

शेल्यावरून मात्र आमचं वाजलं.
“केप नुसती खांद्यावर ठेवलीय. लढताना पडेल.”
अरे, शेला तो. जरीकाठाचा.
पडू नये म्हणून आतून चार टाके
आणि एक सेफ्टीपिन, हे तुझ्यामाझ्यात.
“म्हणजे गुप्त शस्त्र?”
लिही.

सोमवारी खलिता आला होता.
आज शुक्रवार. सरदार अजून गाठ सोडतायत.
शार्दूल उडालाच: “मामा! हे वेळ थांबवतात!”
ताकद: दहा.

गुप्त ओळखीत पार झोपले.
घोंगडी पांघरली, गालावर तीळ लावला,
तर सख्खी आई विचारते, कोण रे बाबा तू?
“मी नाक्यापासून तोंडाला रुमाल बांधून आलो
तरी आई वरच्या मजल्यावरून ओरडते, दप्तर कुठंय.”
दोन मार्क. तेही तिळाचे.

धाकट्या आईसाहेब दुधात विष कालवत होत्या,
कालवता कालवता मोठ्यानं सांगतही होत्या,
कुणासाठी, कशासाठी.
हातभर अंतरावर सरदार. ऐकू शून्य.
“कानाचे मार्क ठेवले नव्हते,” म्हणाला,
आणि कापायला नवा रकाना आखला.

मग पेन्सिल पडद्याच्या डाव्या कोपऱ्यावर टेकवली.
“ही कोण?”
दासी. दिवटी धरून उभी.
“कट झाला तेव्हा होती. खून झाला तेव्हा होती.
मारेकरी तिच्या अंगावरून गेला, त्याला दिसली नाही.”
आवाज खाली आणला:
“मामा, ही अदृश्य होते.”
मी तिला नीट बघितलं. दोनशे बारा भाग झाले,
पोलकं माझंच आहे.

गुरुवारी, पेठेत पाणी नसतं त्या दिवशी,
कुंदा तिकोने धायरीहून बसनं आल्या.
पोलक्यावर तेल सांडलेलं, बाही घट्ट होतेय म्हणाल्या.
शार्दूल गठ्ठ्यावरून उतरून उभा राहिला.
“तुम्ही सगळ्यांना दिसता?”
त्यांनी विचार केला, खरंच केला.
“बसमध्ये नाही. मास्तर दोनदा तिकीट न देता पुढं गेला.”
“ती दिवटी जड आहे?”
“पितळी आहे रे. पहिल्या भागात हातात दिली,
खाली ठेव असं लिहायचं राहिलं वाटतं कुणाचं तरी.”

मी टेप काढला.
डावा दंड साडेदहा.
उजवा अकरा.
पुन्हा मोजला. अकरा.
मी तोंडातली टाचणी काढली,
वहीकडं बोट केलं.
लिही.